ब्रेक का सुटत नव्हता

कळसाडी,
बुधवार

प्रिय मयूरी,

सापडलं! पोरी, सापडलं एकदाचं! आपल्या पिकअपचा ब्रेक का चिकटत होता ते आज दुपारी झिपरू मिस्तरीच्या गॅरेजात उघड झालं, आणि तेव्हापासून कधी एकदा तुला सांगतो असं झालंय. फोनच केला असता, पण सारंगखेड्याच्या यात्रेपासून तू माझ्याशी 'हो पप्पा, ठेवते पप्पा' एवढंच बोलतेस. म्हणून तुझ्या भावाची, ललितची, जुनी वही घेऊन बसलोय. तुझी आई म्हणते, एवढं तर तुम्ही दहावीच्या पेपरातही लिहिलं नसेल.

तिनंच सांगितलं, की फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून तुझी निवड झाली आहे आणि शुक्रवारी तू त्यांना 'नाही' कळवणार आहेस. 'धडगावचे, मोलगीचे घाट मला जमणार नाहीत' म्हणे! अगं, नांगरटीच्या ढेकळांतून रिव्हर्स घेणारी मुलगी तू. 'जमणार नाही' हे तुझ्या तोंडचं नाहीच. ते तुझ्या डोक्यात कुणी घातलं, हे मला ठाऊक आहे.

यात्रेचा तो दिवस आठव. तापीच्या पुलावर आपली केळीनं भरलेली गाडी, पुढच्या चाकांतून धूर, आणि मागे घोडे घेऊन यात्रेला निघालेल्यांच्या गाड्यांची रांग. तू ॲक्सिलेटर दाबत होतीस, गाडी जागची हलत नव्हती. आणि मी खाली उतरून चारचौघांत ओरडलो, की ही ब्रेकवर पाय ठेवूनच चालवते, पोरींच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं. तू किल्ली माझ्या हातात दिलीस आणि नंदुरबारची बस धरलीस. अर्ध्या तासानं चाकं गार झाली, ब्रेक सुटला, आणि मी गाडी ऐटीत घरी आणली. तेव्हा मला आपला पाय फारच हलका वाटला होता.

त्यानंतर गाडी शेतापलीकडे गेलीच नव्हती. परवा सोमवारी मीच पपई भरून शहाद्याला निघालो, तर दहा किलोमीटरवर तोच वास आणि तोच धूर! आईशप्पथ, माझा पाय ब्रेकवर नव्हता. रस्त्याकडेला बसून चाकं गार व्हायची वाट पाहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगतो कुणाला?

आज झिपरूनं गाडी जॅकवर चढवली. मला ब्रेक दाबायला लावला, सोडायला लावला. मग चाक फिरवून पाहिलं, तर ढिम्म. मी म्हटलं, चाकातलंच काही अडकलं असेल, नवीन घाल. तो म्हणाला, "दम धरा, दादा." चाकाजवळचा हवा काढायचा नट त्यानं जरासा ढिला केला. तेलाची पिचकारी उडाली आणि चाक गरकन फिरलं! म्हणजे चाक बिचारं निर्दोष. दाब वरच कुठंतरी कोंडून राहत होता. मग त्यानं पायाचा दाब तेलातून चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर खोलला. आतलं रबर पुरीसारखं फुगलेलं, आणि तेल परत जायचं भोक त्यानंच बुजवलेलं. पाय काढला तरी ब्रेक धरलेलाच, गाडी तापली की आणखी घट्ट. शेवटी झिपरूनं स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं आणि ब्रेकच्या टाकीतल्या तेलाचे दोन थेंब सोडले. खरं ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. हे तवंग धरून वर तरंगलं! मी तर टाळीच वाजवली. झिपरू माझ्याकडे बघून म्हणाला, "हाई तेल ट्रॅक्टरनं शे, दादा. कोणी टाकं? पोरनी काय चूक यान्हामा?" पोरीची यात काय चूक, हे ऐकून माझा हात टाळीतच राहिला.

मयूरी, ते मीच टाकलं होतं. यात्रेच्या आठ दिवस आधी ब्रेकचं तेल कमी झाल्याचा लाल दिवा लागला, गोठ्यात ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा होता, तेल ते तेल म्हणून ओतून मोकळा झालो. तुला साधं विचारलंही नाही. आज संध्याकाळी पुलाजवळच्या टपरीवर जाऊन, त्या दिवशी जे बघत उभे होते त्यांना हे सगळं सांगितलं. हसले सगळे. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. पण ज्यासाठी हे पत्र, ते राहिलंच. माफ कर मला, बेटा. ललित उद्या नंदुरबारला येतोय, त्याच्या हाती हे देतो, म्हणजे शुक्रवारच्या आत तुला मिळेल. तुझा पाय बरोबर होता, पहिल्यापासून बरोबर होता. दवाखानावाल्यांना सांग, येते म्हणून.

तुझाच,
पप्पा