सान्वीने धडा घडाघडा वाचला

मुक्काम दिवा

ती. आईस, संचिताचा नमस्कार.

फोनवर बाबा मध्येच बोलतात, म्हणून लिहितेय. आम्ही मजेत आहोत, पाणीही येतंय. तुझा गुडघा कसा आहे?

सान्वी तिसरीत गेली तरी तिला वाचता येत नाही, म्हणून डोंबिवलीची पालिकेची शाळा निवडलेली. तिथे अशा मुलांसाठी वेगळ्या बाई आहेत. आणि मी शहाणी! बाई आधी वाचायला लावणार म्हणून महिनाभर एक धडा पाठ करून घेतला. बाईंनी नेमका तोच उघडला. पोरीने घडाघडा म्हटला! बाई म्हणतात, "छान वाचते की, हिला कशाला मदत?"

डोकं फिरलंय माझं. हात जोडून सोमवारी पुन्हा वेळ मागितलीय. बाहेर आल्यावर सान्वी विचारते, "आई, आता चुकलं तर चालेल ना?"

बाबांना एवढंच सांग, बाई म्हणाल्या छान वाचते.

तुझीच,
संचू