पाचव्या भागाचे दोन टाके

३ फेब्रुवारी, सोमवार

चौथा भाग संपला. आणि संपला कुठे — तर कप्तान दीपगृहात कोंडलेला, पाणी एकेक पायरी चढतंय, आणि खाली ठळक अक्षरांत 'पुढे काय झालं? वाचा भाग पाचवा'! डबा उघडायचा राहूनच गेला. त्रेपन्न वर्षांची बाई मी, वाचनालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत बसून पोरांच्या पुस्तकापायी उपाशी राहते. कुणाला सांगायची सोय नाही.

'गलबत टोळी'चे पहिले चारही भाग एकदमच फाटून माझ्याकडे आले होते. शिवताना एखादं पान डोळ्यांखालून जातंच. पण पहिल्याचं एक पान गेलं, आणि सुई बाजूला ठेवून मी वाचतच बसले.

४ फेब्रुवारी

पाचवा काही फाटत नाही. एरवी हीच पोरं पुस्तकांच्या चिंध्या करतात, आणि नेमका हाच जपून वाचतायत मेली!

बालविभागाची पुस्तकं चौदा वर्षांपर्यंतच्यांनाच मिळतात. ग्रंथपालबाईंना विचारलं तर त्या नाही म्हणायच्या नाहीत. पण कुठल्या तोंडाने विचारू? मागच्या वर्षी एक पेन्शनर आजोबा असंच पुस्तक मागायला आले, तेव्हा मीच म्हणाले होते, "काय आजोबा, दुसरं बालपण का?" सगळा स्टाफ हसला. आजोबाही हसले. परत कधी आले नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

केलं. लिहिताना कान तापलेत.

परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलावर पाचवा भाग पडला होता. आसपास कुणी नव्हतं. कटर माझ्या खिशात असतोच. पाठीतले दोन टाके कापले, मधला फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, लगेच लोंबायला लागला. मग मीच काउंटरवरच्या बाईला म्हणाले, "हे बघ, हे पण सुटलंय. दुरुस्तीला टाक." तिने चिठ्ठी लावून दिलं.

सव्वीस वर्षं पुस्तकं शिवली. कापलं आज पहिल्यांदा.

९ फेब्रुवारी, रविवार

घरी आणलंय. वरून खाकी कव्हर घातलंय. दुपारी गॅलरीत वाचत होते, तर हे फोनवर नणंदेला सांगतायत, आमच्या हिचं वाचन दांडगं, जाडजूड काहीतरी घेऊन बसली आहे, हाक मारली तरी ऐकू येत नाही. अभिमानाने सांगत होते हो! मी पान उलटलं. पानावर माकड शिडात अडकलेलं होतं.

पण काय लिहिलंय! टोळीतल्या गुंडीने पोहत जाऊन दोर सोडवला तेव्हा मी चक्क "शाब्बास" म्हणाले. मोठ्याने.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी खोलीच्या दारात एक मुलगी उभी. दहाएक वर्षांची, चष्मा, दोन वेण्या. "मावशी, पाचवा भाग झाला का शिवून?"

म्हटलं, तुला कशाला घाई? तर तिच्या नावावरून परत आलेलं पुस्तक सुटलेलं निघालं, म्हणून तिचं कार्ड बंद केलंय. पुस्तक दुरुस्त होऊन कपाटात जाईपर्यंत. हा नियम मला तोंडपाठ आहे! पण टाके कापताना पुस्तकाच्या पलीकडे कुणी असेल हे डोक्यातच आलं नाही.

पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. चाळीस पानं राहिली होती. मी म्हणाले, "खळ वाळायचीय अजून."

ती "बरं" म्हणून गेली. मी चाळीस पानं वाचली. मग शिवलं. हा क्रम इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

१२ फेब्रुवारी

पुस्तक कपाटात गेलं. कार्ड सुरू झालं असेल. मिटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कसलं मिटतंय!

आज माझ्या टेबलावर वहीचं पान, चार घड्या घातलेलं. वेणीवालीचं. लिहिलंय, पुस्तक माझ्या हातून एकदा जिन्यावर पडलं होतं, ते कुणाला सांगितलं नव्हतं, तेव्हाच टाके तुटले असणार, आणि माझ्यामुळे तुम्हाला काम पडलं, सॉरी. ग्रंथपालबाईंकडेही तिने कबूल केलंय म्हणे. आता महिनाभर ती फक्त वाचनालयातच बसून वाचणार, घरी नेणार नाही. ही शिक्षा तिने स्वतःच मागून घेतली.

येताना तिला पाहिलं. बालविभागात कोपऱ्यात बसली होती, पुस्तक टेबलावर सपाट ठेवून, पान दोन बोटांनी उलटत. जरा जोरात धरलं तर मोडेल म्हणून. मला तिथे उभं राहवेना. घरी आल्यावर यांनी विचारलं, डोकं दुखतंय का? हो म्हटलं.

१४ फेब्रुवारी

नाही सांगितलं. दोनदा बाईंच्या केबिनपर्यंत जाऊन आले. दोन्ही वेळा खळीसाठी पीठ संपल्याचं सांगितलं. आता दोन पुडे येऊन पडलेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

बाईंना आधी वाटलं मी पोरीला पाठीशी घालतेय. मग मी पुस्तकातून काढलेला जुना दोरा पुढे ठेवला. तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजतं. माझा दोरा कसा सुरेख कापलेला! पुस्तक ओढून फाडायला हात झाला नव्हता, तेवढ्यावरून मी पकडले गेले असते, पण बघणार कोण? दोरा ओळखणारी इथे मी एकटीच.

"कशासाठी पण?" बाईंनी विचारलं.

"पुढे काय झालं ते कळेना," मी म्हणाले. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

त्या हसल्या असत्या तर मी रडले असते. हसल्या नाहीत. लेखी द्या म्हणाल्या, ते फाइलला लागेल. आणि मुलीला तुम्ही स्वतः सांगा.

१८ फेब्रुवारी

तिला सगळं सांगितलं, का कापलं तेही. दोराही दाखवला. तिने तो चष्म्याजवळ नेऊन नीट पाहिला. "म्हणजे माझ्या हातून नाही?" "नाही गं. तुझ्या हातून काहीच नाही." तिने दप्तर उचललं, पुस्तक घरी नेण्यासाठी काउंटरवर गेली. जाताना मावशी म्हणाली नाही.

बरोबर आहे. मी तरी म्हटलं असतं का?

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी माझ्या टेबलावर सहावा भाग. उलटसुलट करून पाहिला — पाठ घट्ट, पानं शाबूत, दुरुस्तीची चिठ्ठी नाही. तिने आपल्या कार्डावर काढलेला.

आत वहीचा कागद: 'मावशी, मी शनिवारपर्यंत थांबते. आधी तुम्ही वाचा. फक्त कापू नका.'