खरं बोलण्याचा महिना

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय स्पृहाताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल, असं आधी लिहायचं असतं म्हणे. आईने सांगितलं. तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून कागदावर. माझं मराठी अक्षर तुला माहितीये, सांभाळून घे.

कॉलेजमध्ये सध्या ग्रीक फिलॉसॉफी चालू आहे. ताई, भारी आहे ते. चांगलं जगणं म्हणे पोहण्यासारखं असतं, पाण्यात उतरूनच येतं. शूर व्हायचंय? मग शूरासारखं वागत राहा, हळूहळू अंगात मुरतं. म्हणून आम्ही चौघा मित्रांनी ठरवलं, दर महिन्याला एक सद्गुण. माझा सप्टेंबर खरं बोलण्याचा होता.

आणि सप्टेंबरमध्येच आमोदकडचे तुला बघायला खडकीला तुमच्या घरी आले.

त्याच्या बाबांनी विचारलं, "आज ऑफिस नाही?" मावशी म्हणाली, "रजा घेतलीये तिने." आणि मी, हातात पोह्यांची डिश धरून, "रजा नाही काका, ऑगस्टमध्येच जॉब गेलाय तिचा."

"असं का. मग निवांतच आहात सगळे," म्हणाले, आणि चहा न घेताच उठले. मावशी नंतर मला एवढंच म्हणाली, "तुला साक्षीला कोणी बोलावलं होतं का रे?"

मी हे फिलॉसॉफीच्या सरांना जरा ऐटीतच सांगितलं. ते म्हणाले, "खरं योग्य माणसाने, योग्य वेळी, योग्य कारणासाठी बोलावं लागतं. तुझं कारण काय होतं, राजस?"

तू आमोदला एकटीने भेटून सगळं सांगणार होतीस. आदल्या दिवशी तूच मला म्हणाली होतीस. तरी मी बोललो. कारण आमोद कोचीला असतो. आणि तू पाणी देताना तो काहीतरी पुटपुटला, त्यावर तू हसलीस. उगाच नाही, खरी हसलीस. मला कळलं, ही आता जाणार. तू गेलीस की मी खडकीला कोणाकडे येऊ?

अजून एक आहे. पानभर टाळलं.

बुधवारी मी आमोदच्या घरी जाऊन सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "जॉब माझाही गेला होता एकदा. बाबांचं मी बघतो. तुझ्या ताईला माझा नंबर दे. तिला वाटलं तर करू दे फोन. मी मंगळवारपर्यंत पुण्यात आहे."

बुधवारी, ताई. आज रविवार आहे. चार दिवस नंबर माझ्याकडेच होता. रोज म्हणायचो, उद्या देतो. मावशीकडे दिला असता तर दहा मिनिटांत तुला मिळाला असता, पण मग सगळ्या घराचा झाला असता. तो फक्त तुझा आहे.

पोस्टात टाकलं तर मंगळवार उलटून जाईल. म्हणून आत्ताच येऊन पाकीट तुझ्या दाराखालून सरकवतोय. वर फक्त तुझं नाव आहे. बेल वाजवणार नाही. नंबर आत, याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलाय, दोनदा तपासलाय.

त्याला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

तुला जाऊ द्यायला शिकणारा,
तुझा राजस