कोरं धोतर

प्रिय शीला,

आपल्या गावाच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय, आणि नदीकाठच्या अकरा जुन्या घरांचं प्रकरण सरपंच गणेशने माझ्यावर सोपवलंय. महिनाभर दारोदार हिंडते आहे. एका वाक्यापाशी मात्र अडले. ते तुझ्या बाबांबद्दल आहे, म्हणून छापायला देण्याआधी तुला लिहिते.

किती देखणी घरं आहेत गं ही! पैनगंगेचे एवढे पूर आले, पण अकराही घरं ताठ उभी. घर कुणी बांधलं असं विचारलं की जो तो आपल्या आजोबांचं नाव सांगतो. धाबं कुणी घातलं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर: तुझे बाबा, जानराव. सागाच्या कड्या, वर तुराट्या, त्यावर नदीकाठची पांढरी माती तुडवून केलेलं ते सपाट छत. काम संपलं की तू वरून घागर ओतायचीस आणि बाबा कोरं धोतर नेसून खाली बसायचे. धोतरावर एक थेंब दिसला तरी सगळं उकरून पुन्हा घालायचं, हा त्यांचा स्वतःचा नियम. आमच्या माजघरात त्यांना बसलेलं मी तेवढ्याच कामापुरतं पाहिलं.

परवा शेजारची तानाबाई गळतीची आठवण काढून हसत म्हणाली, "हेबी लिवजा बाई, जानरावचं धाबं एकदाच गयलं, अन् थे तुमचंच!"

आमचं धाबं घातलं त्या मे महिन्यात मी कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले होते. माझे वडील म्हणत होते, राहू द्या, चालेल. बाबांनी ओलं धोतर पुढे धरलं. "पानी आलं ना मालक, मंग चूक माहीच हाय." दोन दिवस तुम्ही बापलेकींनी सगळी माती पुन्हा तुडवली. तुझ्या टाचा फुटल्या. मी ओट्यावर पुस्तक उघडून बसले होते, एक पान उलटलं नाही.

शीला, छत गळलंच नव्हतं. बाबा वर बघत होते, मी मागे पाण्याचा गडू घेऊन उभी होते. गंमत म्हणून ओली बोटं त्यांच्या धोतरावर झटकली. ते कुदळ घेऊन वर चढले तेव्हा माझं तोंड उघडेना, आणि पुढे पन्नास वर्षं उघडलं नाही. पुस्तकात मी हे माझ्या नावासकट लिहिलंय. पण बाबांनी ते छापून येण्याआधी तुझ्याकडून ऐकावं. त्यांच्या खाटेवर बस, कानाशी वाकून मोठ्याने सांग, की त्यांचं एकही धाबं कधी गळलं नाही. मग ते जे म्हणतील ते मला जसंच्या तसं कळव.

रागावलीस तरी तुझीच,
सुवर्णा