निमिष काय, घरचाच आहे

८ सप्टेंबर, रविवार
आजपासून मी ‘निटनी पलटण’चा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. म्हणजे आपल्या टीमने बॉल पुढे कसा न्यायचा हे ठरवणारा मेंदू. मैदानात खेळणारे सात, बाहेर विचार करणारा मी एकटा. स्टेट कॉलेज या अमेरिकेतल्या गावातली हौशी फ्लॅग फुटबॉल लीग. यात पाडापाडी नाही, कमरेची पट्टी ओढली की माणूस थांबला.

तत्त्व ठरलं. प्लेबुक छोटं हवं. आठच प्ले, म्हणजे आखलेले डाव, पण सगळ्यांना झोपेत पाठ. त्यातले चार निमिषचे. निमिष माझा रूममेट, सांगलीला असताना राज्य पातळीवर खो-खो खेळलेला. पळता पळता असा वळतो की समोरचा भलतीकडेच निघून जातो. डिसेंबरमध्ये मास्टर्स संपलं की ऑस्टिनला नोकरीवर. भांडी घासताना सहज म्हणाला, जाण्याआधी एकदा तरी बॉल घेऊन ती शेवटची रेषा ओलांडायचीय. मी म्हटलं, एकदा कशाला, दर मॅचला. शब्दच दिला.

११ सप्टेंबर, बुधवार
विक्रम क्वार्टरबॅक. म्हणजे बॉल फेकणारा. फेक बेताची आहे, पण गाडी फक्त त्याच्याकडे आहे. त्याने व्हिडिओ बघून पाच प्ले सुचवले. पाचही घेतले. शनिवारी तांदूळ आणायचाय.

१५ सप्टेंबर, रविवार
पुरुषोत्तमदादा पोस्टडॉक आहेत, वयाने आणि वजनाने सगळ्यांत मोठे. प्रॅक्टिसनंतर बाजूला घेऊन विचारलं, माझ्यासाठी काही आहे का रे? मागच्या हिवाळ्यात मला ताप आला होता तेव्हा लतिका वहिनींनी आठवडाभर डबा पाठवला होता. कढी अजून आठवते. सहा प्ले लिहिले. प्लेबुक फुगू नये म्हणून निमिषचे दोन काढले. तो काही म्हणणार नाही. घरचाच आहे.

२२ सप्टेंबर, रविवार
पहिली मॅच. ०–२०. मैदानाला उतार होता.
शिवाय विक्रमच्या मनगटावर प्लेचा कागद बांधलाय, त्यात बाकीच्यांचे धरून सत्तावीस प्ले बसवताना अक्षर बारीक झालं. तो वाचेपर्यंत वेळ संपते आणि रेफरी पेनल्टी देतो. उपाय: चष्मा.

२९ सप्टेंबर, रविवार
०–२६. सूर्य डोळ्यांवर.
टीममधली अस्मिता स्टॅटिस्टिक्सची. तिने लॅपटॉपवर ग्राफ दाखवला. प्ले वाढत गेले तशी आपली चाल आखडत गेली, म्हणे. एकच प्ले चारदा केला तर चौथ्यांदा नीट होतो, आपण कुठलाच दुसऱ्यांदा करत नाही. मी म्हटलं, सॅम्पल लहान आहे. तिने लॅपटॉप मिटला. वाईट वाटलं. तिच्या नावाचे तीन प्ले टाकले.

६ ऑक्टोबर, रविवार
सगळ्यांना न्याय देणारं प्लेबुक तयार. एकेचाळीस प्ले. कोणी नाराज नाही. मॅच हरलो, पण वातावरण छान.
निमिषकडे आता महत्त्वाची जबाबदारी. तो डिकॉय. बॉल त्यालाच मिळणार असं दाखवत जीव तोडून धावायचं, म्हणजे समोरचे त्याच्या मागे जातात. सगळ्या प्लेमध्ये. त्याला समजावलं की हे काम ऐऱ्यागैऱ्याला जमत नाही. तो बरं म्हणाला आणि गुडघ्याला बर्फ लावत बसला. आज स्वयंपाकाची पाळी माझी होती. त्यानेच केला.

२० ऑक्टोबर, रविवार
०–१४. म्हणजे प्रगती.
एक गोष्ट लिहून ठेवतो. समोरचे आता निमिषच्या मागे जातच नाहीत. त्यांना कळलंय. तो उजव्या कोपऱ्यात एकटा उभा असतो. आधी हात वर करायचा. आज केला नाही. माझ्याकडे बघतही नव्हता. मला अपराधी वाटलं. घरी येताना त्याच्यासाठी आईस्क्रीम घेतलं. वाटेत दादा भेटले, म्हणून त्यांना दिलं.

९ नोव्हेंबर, शनिवार
उद्या शेवटची मॅच. प्ले नंबर अठ्ठेचाळीस लिहिला. नाव: निमिष. अगदी सोपा. तो उजवीकडे पळणार, वळणार, विक्रम फेकणार. कागदावर जागा नव्हती, मागच्या बाजूला लिहिला. निमिषला सांगितलं, तेव्हा तो हसला. बऱ्याच दिवसांनी.

१० नोव्हेंबर, रविवार
शेवटचा प्रयत्न. रेषा दहा पावलांवर. निमिष माझ्याकडे बघत होता. अठ्ठेचाळीस म्हणायला तोंड उघडलं आणि शेजारी लतिका वहिनी दिसल्या. डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, आज ह्यांच्याकडे एकदाही बॉल आला नाही, नाही का?
बावीस म्हणालो. बावीस दादांचा.
दादांच्या छातीवर बॉल आपटला आणि खाली पडला. कोपऱ्यात निमिष एकटा. आजूबाजूला चिटपाखरू नाही.
डब्यात शिरा होता. मला नको होता. तरी दोनदा घेतला, वहिनींना वाईट वाटलं असतं.

१४ डिसेंबर, शनिवार
निमिषच्या निरोपाचा बेत आमच्याच अपार्टमेंटमध्ये. या वेळी मी चुकणार नव्हतो. श्रीखंड त्याच्यासाठी मुद्दाम केलं होतं. वीस जण आले आणि ताटं बारा. मीच म्हणालो, आपण घरचे मागून बसू. निमिष पुऱ्या वाढत फिरला. आम्ही बसलो तेव्हा श्रीखंडाचं भांडं दादा पुरीने पुसत होते.
मी सॉरी म्हणालो. श्रीखंडाबद्दल नाही, हे त्याला कळलं असावं.
तो म्हणाला, “ऋष्या, तू वाईट नाहीयेस रे. तुला फक्त मलाच नाही म्हणता येतं.”
उद्या त्याची बस अकराला. निघण्याआधी दोघं मिळून खिचडी खायची असं ठरलं. मग मी स्टॉपपर्यंत जाणार, मोठी बॅग मी उचलणार. काहीही झालं तरी.

१५ डिसेंबर, रविवार
सकाळी विक्रमचा फोन. दादांचा नवा सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवायचाय, एक माणूस कमी पडतोय, पाच मिनिटांचं काम. निमिष कुकर लावत होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, जा.
सोफा जिन्याच्या वळणावर अडकला.
धावत आलो तेव्हा बारा वाजले होते. किल्ली पायपुसण्याखाली. कुकर अजून कोमट. झाकण काढलं, खिचडी दोघांची होती, त्याने हात लावला नव्हता.
स्प्रिंगच्या लीगला आठच प्ले. नक्की.
सोफ्याने भूक फार लागली होती. सगळी मीच खाल्ली.