बाबांची वरची लाइन

शनि. १४ मार्च, अकोला
सकाळच्या गाडीनं अमरावतीहून आले. नेमका नळ आलेला. जठारपेठेतल्या आमच्या घरी नळ आला की पाहुणा असो की माहेरवाशीण, हातात आधी बादली. अंगणातलं टाकं भरलं, गच्चीवरच्या टाकीसाठी मोटर लावली, पाणी पडल्याचा आवाजही आला. स्वयंपाकघरातला नळ मात्र ठणठणीत कोरडा. आई टाक्यातून बादली शेंदते आणि आत आणते. डॉक्टरांनी जिने आणि वजन दोन्ही बंद सांगितलेली बाई. विचारलं तर म्हणते, वॉल्वचं काहीतरी आहे, होईन.
बाबांना जाऊन पाच महिने झाले. तेव्हापासून हे ‘होईन’ चालू आहे.

रवि. १५ मार्च
बाबांनी या एवढ्याशा घराला किती वॉल्व बसवलेत! जिन्याखाली, मोरीमागे, गच्चीवर. एकावरही चिठ्ठी नाही. लेबल लावलं की माणूस डोकं वापरत नाही, म्हणायचे. घ्या, वापरतोय डोकं. दुपारभर दादा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आणि मी जिन्याखाली आडवी. तो म्हणतो लाल फिरव, मी फिरवते, काही होत नाही. शेवटी म्हणाला, सगळं एकदा बंद करून पुन्हा चालू कर. केलं. अंगणातला चालू नळही गेला.
पाणीपुरवठ्यातल्या इंजिनिअरची आम्ही दोन पोरं. आधी हसू आलं. मग तिथंच जिन्याखाली रडत बसले. बाबा, खूप आठवण येते हो.

शनि. २८ मार्च
मिस्त्री आणला. बाबांना ओळखणारा. सगळं फिरून पाहिलं, डोकं खाजवलं. म्हणाला, साहेबांची लाइन आपल्याले नाई समजत ताई, सगळी काढून टाकू, एक पाइप वर, एक खाली, एका दिवसाचं काम. मला पटलं. आई स्वयंपाकघरातून येऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.
"त्याईच्या लाइनीले कोनी हात नाई लावाचा."
मिस्त्री चहा पिऊन गेला.
मी बोलायला नको ते बोलले. गुडघा गेला तर अंथरुणात कोण पाहील, पाइपा काय देव्हाऱ्यात ठेवायच्या आहेत का, वगैरे. तिनं शांतपणे कणीक मळली.

रवि. २९ मार्च, अमरावती
एसटीत सगळा रस्ता बाबाच डोक्यात.
बार्शीटाकळीजवळचं त्यांचं गाव. विहिरीवर आमच्या लोकांना आपल्या हातानं पाणी काढायची मुभा नव्हती. आजी घागर घेऊन कडेला उभी, कोणी ओतेल तेव्हा. सोबत बाबा, हाफ पँटमधले. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही दाढी करता करता, आणि पुढे लगेच ब्लेड कसं बोथट आलंय त्यावर गेले. त्यातून शिकले, इंजिनिअर झाले. शेंदूरजनाघाटला होते तेव्हा मी दुसरी-तिसरीत. संत्र्याच्या बागांमधून जीपमध्ये त्यांच्यासोबत फिरायचे. योजना सुरू झाली की पुढारी टाकीखाली हार घालून घेत उभे असायचे, आणि बाबा गावाच्या पार शेवटच्या घरी नळ उघडून बसलेले. तिथं पाणी आलं की मगच जेवायचे. स्वतःच्या गावीही तसंच. तिथं शेवटचं घर आपलंच होतं.
असा माणूस. आणि त्याच्याच घरात आई बादल्या वाहते.

शनि. ११ एप्रिल, अकोला
ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नाही. तरी गेले. आई दुपारची झोपली होती. टाकीचं झाकण काढलं. तळाशी थोडा गाळ, बाकी कोरडी. मग खडू घेतला आणि मोटरपासून एकेका पाइपवर खूण करत चढत गेले.
जुनी लाइन सगळी लोखंडी. गच्चीच्या भिंतीपाशी एक नवा पांढरा तुकडा. वर चढणारी पाइप टाकीत जातच नाही. तो तुकडा तिला खाली उतरणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाइपला जोडतो, ती सरळ अंगणातल्या टाक्यात. मोटर टाक्यातलं पाणी उचलते आणि टाक्यातच टाकते. जोडावर पाइप चिकटवायचं सोल्युशन बोटांनी फासलेलं, ओघळ तसेच सुकलेले. बाबा असा जोड कधी ठेवत नसत. दुसऱ्याचा दिसला तरी फडक्यानं पुसायचे.
मागे वळले तर आई जिन्यात. उन्हात, अनवाणी.
"दिसलं तुले?"
खाली येऊन बोलली, तुटक तुटक. मागच्या उन्हाळ्यात बाबांना वाटलं प्रेशर बरोबर नाही. हात थरथरायचे, नावं विसरायला लागले होते, पण मिस्त्रीला जवळ येऊ दिलं नाही. स्वतःच केलं. मग मोटर लावली आणि खाली खुर्चीत बसून विचारलं, वर पाणी चढलं का. आई वर जाऊन रिकामी टाकी पाहून आली आणि चढलं म्हणाली. त्यानंतर बाबांना जिना चढवला नाही. ते उठायच्या आत ती रोज बादल्या गच्चीवर नेऊन टाकीत ओतायची. तोंड धुवायला नळ सोडला की पाणी यायला पाहिजे म्हणून. शेवटपर्यंत.
"जलमभर लोकाईले पानी पाजलं त्या मानसानं. मी त्याईले काहून सांगू का तुमचं चुकलं?"
मी म्हटलं, आई, आता ते नाहीत. आता कोणापासून लपवतेस?
म्हणाली, मिस्त्री खोलन अन् साऱ्या अकोल्यात सांगन.


रवि. १२ एप्रिल
दादाला फोन. जोडाचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, माहीत नाही. तो म्हणतो, आईला चार दिवस अमरावतीला ने, मागून मिस्त्री लावू. सोपं आहे. आई घर सोडत नाही, हे तो दरवेळी विसरतो.
तो तुकडा मीच कापला तर? हॅकसॉ बाबांच्या पेटीत आहे. वर गेले. पाइपवर हात ठेवून आले.

मंगळ. १४ एप्रिल
जयंती. परवाच परत जाणार होते, सुटी जोडून थांबले. पहाटे जाग आली ती बादलीच्या आवाजानं. आई जिन्यात. एका हातानं कठडा धरलेला, एका हातात अर्धी बादली, एकेक पायरी. दुपारी गावाकडचे लोक जेवायला येणार, हात धुवायला नळ सोडतील.
तिला थांबवायचं म्हणून गेले. ती माझ्याकडे बघतही नव्हती, पायरीकडे बघत होती. तिच्या हातातली बादली घेतली. वर नेऊन टाकीत ओतली. मग दुसरी. मग ती टाक्यातून शेंदून द्यायला लागली आणि मी वाहत राहिले. उजाडल्यावर ती पांढरं लुगडं नेसली, वंदना झाली.
दुपारी गावचे काका बेसिनपाशी हात धुताना सगळ्यांना सांगत होते, साहेबांच्या हातची लाइन आहे बाप्पा, पाहा कशी धार आहे. मोटर लावून दाखवा म्हणाले. आईनं लावली. पाणी पडल्याचा आवाज आला. सगळ्यांनी ऐकलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. आई वाढत होती. तिचा चेहरा इतक्या महिन्यांत असा पाहिला नव्हता, आणि मला ते सहन होईना.
मिस्त्रीचा फोन येऊन गेला. उचलला नाही. उद्या सकाळी मला निघायचं आहे. गच्चीवरची टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी झाली.