चौदाव्या पानावरचा मारोती

ता. बाभुळगाव, जि. यवतमाळ
२ फेब्रुवारी २०२५

चि. सुरभीस,
तुह्या विमलआत्याचे अ. उ. आ. वि. वि.

तू काढलेलं चित्राचं पुस्तक पोचलं. फोनवर बोलता येत नाही, तुहा बाप बाजूलेच बसून राह्यते, म्हणून लिहून राह्यली. तुहा मारोती पाहून लय हासली मी. पारावर पाय पसरून बसते, चहा मांगते, आन म्हणते का सारे मांगायलेच येतात, माही पाठ दुखते ते कोणी इचारत नाही. देवालेही थकवा येत असंन, हे माह्या ध्यानातच नव्हतं आलं बाई.

पण चौदावं पान! त्यात एक बाई लुगडं खोचून त्याले शेंदूर लावते, आन तो तिले सांगते का साऱ्या गावात तुहाच हात हलका. हे काहून काढलं? शाळेत होती तवा तू माह्यामागं येऊन पाह्यलं, तवाच तुले शपथ घातली होती. भाऊचा, तुह्या बापाचा, हात नऊ वर्सांपासून कापते. दर शनिवारी उजाडाच्या आत तो देवळाच्या दारात उभा राह्यते, आन लेप मी लावते. आपल्या गावात बाईनं मारोतीले हात लावाचा नाही, हे तुले मी सांगावं काय?

किराणावाल्या अंकुरनं ते पान साऱ्यांच्या फोनवर धाडलं. पंधरा तारखेले, शनिवारी, देवळाची मंडळी भाऊले जाब इचारणार आहे. तीन पिढ्यांची लेपाची सेवा गेली, तं हा माणूस कशाच्या भरवशावर जगंन? मी थकली आता पोरी. काय कराचं ते तूच सांग.

रागावली असली तरी माया पातळ नाही झाली. वेळेवर जेवत जाय.

तुही आत्या,
विमल


पुणे
८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सुरभीचा सा. न. वि. वि.

चुकलंच माझं. पुण्यात छापलेलं पुस्तक आपल्या गावात कोण वाचणार, असं वाटलं. शपथ विसरले नव्हते गं. पण पुस्तकभर देव नुसता कण्हतो, चिडतो. त्याला जरा बरं वाटेल असं काही सुचेना. सुचलं ते तेवढंच. इथेही रोज शिव्या येतात. कुणी म्हणतं देवाची टिंगल केली, कुणी म्हणतं फारच भाबडं आहे. उत्तरं देऊन जीव विटला.

पुढच्या छपाईत ते पान काढून टाकते. मंडळींना सांग, पोरीच्या मनचं आहे, सगळं खोटं आहे. तसं सही करून लिहिलेला कागद सोबत ठेवलाय. बाबांची सेवा जाऊ देऊ नकोस.

तुझी माया मागायला तोंड नाही, तरी मागतेच.

तुझी,
सुरभी


ता. बाभुळगाव
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सुरभीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुहा कागद वेळेवर भेटला. मी भाऊच्या हाती देला. त्यानं वाचला, घडी घातली, खिशात टाकला. शनिवारी मंडळीनं इचारलं, तं कागद काढलाच नाही. शेंदराची वाटी मांगितली आन साऱ्यांदेखत लेप लावाले गेला. हात असा कापला का शेंदूर देवाच्या डोळ्यात गेला, अर्धा खाली सांडला. मंग त्यानं सांगून टाकलं का नऊ वर्सं विमलच लावून राह्यली, पोरीनं खरं तेच काढलं, आन तिले कोणी खोटारडी म्हणू नये.

सेवा गेली. आता मोटर दुरुस्त करणारा नयन लेप लावते. भाऊ बरा आहे, वझं उतरल्यावानी दोन भाकरी खाते. मीबी काल उजाडेपर्यंत निजली, नऊ वर्सांत पहिला शनिवार. दुपारी नमस्काराले गेली, उंबऱ्याच्या बाहेरूनच. नयननं लेप जाड थापला, कानापाशी भेगा पडल्या. माही बोटं शिवशिवली, पण हात पदराखाली धरून ठेवला.

इकडं येत राह्यजो, आत्याले परकी करू नको. आन ते पान काढू नको, सुरभी. आता माहा हात त्याले तेवढ्याच जागी लागते.

तुही,
विमलआत्या